बांध कोणाच्या वावरात?

२३ मे २०२४ ला डोंबिवली एमआयडीसीतल्या रासायनिक कारखान्यात स्फोट झाला, तेव्हा इथे जर्मनीत सकाळचे दहा वाजले होते. आत्याचा फोन लागत नव्हता. तासाभराने आतेभावाचा निरोप आला : सगळे सुखरूप, घरातल्या काचा गेल्या. संध्याकाळी बातम्यांमध्ये कारखान्याशेजारचं गाड्यांचं शोरूम पाहिलं. आग तिथपर्यंत पोचली होती. ते चित्र मला अजून सोडत नाही.

घरच्या ग्रुपवर तेव्हापासून एक वाद अधूनमधून पेटतो. एक बाजू म्हणते, धोकादायक कारखाने हलवा. दुसरी म्हणते, कारखाने साठच्या दशकापासून तिथे आहेत, इमारती नंतर आल्या, मग हलायचं कोणी? मे २०१६ मध्ये तिथेच मोठा स्फोट झाला, तेव्हाही हेच बोललं गेलं होतं. माझे बाबा तिथल्या एका कंपनीत सायकलवरून जायचे, पंधरा मिनिटांत. त्यामुळे दुसरी बाजू मला परकी वाटत नाही. पण या भांडणात एकीकडे कारखाना असतो आणि दुसरीकडे घर. मधल्या शोरूमबद्दल, गोदामाबद्दल, हॉटेलबद्दल, कोचिंग क्लासबद्दल कोणी बोलत नाही. ती मधली जागा आपण सगळ्यांनी मनातल्या मनात 'बफर', म्हणजे धोका अडवणारी पट्टी, मानली आहे.

मी नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालन राज्यात एका नगररचना कार्यालयात काम करते. कारखाना, दुकानं आणि घरं यांच्यामध्ये किती जागा सोडायची आणि त्या जागेत काय लावायचं, हे नकाशावर काढण्यात माझे बरेच दिवस जातात. त्यामुळे 'तिकडे कसं असतं गं?' हा प्रश्न मला नेहमी येतो, आणि त्याला एका वाक्यात उत्तर देता येत नाही.

नियम इथे आहेत, आणि ते बारीक आहेत. या राज्याच्या २००७ च्या आदेशात उद्योगांचे सात वर्ग केलेत आणि घरांपासून १०० मीटरपासून १५०० मीटरपर्यंत अंतरं दिली आहेत. आवाजाचे आकडे १९९८ पासून ठरलेले आहेत : औद्योगिक क्षेत्रात ७० डेसिबल, व्यापारी-लघुउद्योग क्षेत्रात दिवसा ६५ आणि रात्री ५०, साध्या निवासी वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४०. या उतरंडीतून एक सवय तयार झाली. जड उद्योग आणि घरं यांच्यामध्ये व्यापारी पट्टा टाकायचा, की अंतर आपोआप मिळतं. कागदावर फार सुबक दिसतं ते. मीही असे पट्टे आखले आहेत.

या सवयीला धक्का दिला तो डार्मश्टाट शहरातल्या एका खटल्याने. मर्कच्या रासायनिक कारखान्याजवळ एका कंपनीला रोपं-कुंड्या विकणारं मोठं गार्डन सेंटर उभारायचं होतं. आसपास आधीच दुकानं होती, त्यामुळे स्थानिक बांधकाम कायद्याने परवानगी मिळायला हवी होती. प्रकरण युरोपीय न्यायालयात गेलं. १५ सप्टेंबर २०११ च्या निकालाचं सार असं, की धोकादायक कारखाना आणि लोकांची ये-जा असलेली इमारत यांच्यात योग्य अंतर राखायचा विचार आराखडा करतानाच करून भागत नाही. एका इमारतीला परवाना देतानाही तो करावाच लागतो, आणि शेजारी आधीपासून दुकानं आहेत एवढ्यावर तो टाळता येत नाही. कारण दुकानात येणारा माणूस कारखान्याचा कामगार नसतो. भोंगा वाजला तर कुठे धावायचं, हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं.

डोंबिवलीचं ते शोरूम पाहताना मला हा निकाल आठवला.

आपल्याकडे 'हरित पट्टा' म्हटलं की चर्चा टक्क्यांवर जाते. पर्यावरण मंजुरीत भूखंडाच्या ३३ टक्के हरित क्षेत्राची अट वर्षानुवर्षं घातली गेली. पण टक्का सांगतो किती. कुठे ते सांगत नाही. ऑफिससमोरची हिरवळ, गेटजवळचा त्रिकोण, पाण्याच्या टाकीमागची रांग मिळून टक्का भरतो, आणि शेजारच्या भूखंडाला लागून उरतो दीड मीटर. त्यात अशोकाची सरळसोट झाडं कंपाउंडला चिकटून उभी केली जातात. मला ती झाडं आवडतात, नजरेला आडोसा देतात. त्यापलीकडे त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. तीस मीटर रुंद, खालपासून वरपर्यंत दाट झाडी असेल तर आवाज ५ ते ८ डेसिबलने उतरतो. एका रांगेने जवळपास काहीच होत नाही. आवाजाला खरा अडसर म्हणजे मातीचा बांध. यंत्र कानाच्या सरळ रेषेतून आड झालं, की पाचेक डेसिबल तिथेच कमी होतात. बांधावर झुडपं, मागे मोठी झाडं, अशी रचना धूळही धरते. एका बाबतीत तर आपण इथल्यापेक्षा सुदैवी आहोत. इथे नोव्हेंबर ते एप्रिल झाडं उघडी असतात आणि पडद्याला भोकं पडतात. आपल्याकडे जवळजवळ बारा महिने पानं धरणारी झाडं आहेत.

स्फोटापुढे मात्र झाडं काही करू शकत नाहीत. तिथे कामाला येतं ते फक्त अंतर. मग झाडं कशाला? माझं उत्तर असं, की झाडं ते अंतर राखतात. मोकळी पट्टी सोडली तर तिच्यात आधी टँकर उभे राहतात, मग डेब्रिज पडतं, मग टपरी येते, मग शेड. गावाकडे शेजारी दर नांगरटीला वीतभर बांध कोरतो ना, तसंच. वीस वर्षं वाढलेली करंज-जांभळाची रांग कोरणं तितकं सोपं नसतं.

आणि बांध म्हटला की प्रश्न येतो तो कोणाच्या वावरात, हा. डिसेंबर २०२० च्या महाराष्ट्राच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत औद्योगिक जमीन निवासी किंवा व्यापारी वापराला बदलून घेता येते, आणि कारखान्यापासूनचं अंतर बदलून घेणाऱ्याने आपल्याच जमिनीत सोडायचं असतं. हे तत्त्व मला पूर्ण पटतं. इंग्लंडच्या नियोजन धोरणातही २०१८ पासून तेच आहे : जो नवा येतो, त्याने स्वतःच्या बचावाची सोय करायची, जुन्याचा धंदा बंद पाडायचा नाही. पण एमआयडीसीच्या हद्दीत तिची स्वतःची नियमावली चालते, बाहेर महापालिकेची, आणि भांडण असतं नेमकं त्या दोघींच्या शिवेवर. तिथल्या पट्टीला मालक नसतो, आणि पाणी घालणाराही नसतो.

इथे आमच्या आराखड्यात पट्टीची रुंदी, झाडांच्या जाती, दर किती चौरस मीटरला एक झुडूप, हे लिहिलेलं असतं. एक ओळ तर ठरलेली : मेलेलं झाड बदलून लावायचं. ती ओळ जमिनीबरोबर राहते, मालक बदलला तरी. आराखडा मंजूर होण्याआधी महिनाभर लोकांसाठी खुला असतो. मी एकदा एका पट्टीची रुंदी बारावरून आठ मीटर केली होती, पार्किंगसाठी. पलीकडच्या एका बेकरीवाल्या बाईंनी हरकत घेतली, आणि ते चार मीटर परत आले. त्यांचं बरोबर होतं.

तरीही इथलं सगळं छान, असं मी म्हणणार नाही. २७ जुलै २०२१ ला लेव्हरकुसेनच्या रासायनिक संकुलातल्या कचरा जाळण्याच्या केंद्रात स्फोट झाला, सात माणसं गेली, काजळी लोकांच्या बागांवर पडली. ते शहर कारखान्याभोवतीच वाढलेलं आहे. आजची अंतरं तिथे मागे जाऊन लावता येत नाहीत. अशा जुन्या सरमिसळ वस्त्यांसाठी इथला कायदाही आवाजाच्या बाबतीत मधला आकडा मान्य करतो. म्हणून डोंबिवलीकरांना कोणी जर्मनीचं उदाहरण देऊन 'सगळं वेगळं करा' म्हणालं, तर मी विरोध करेन. घरापासून पंधरा मिनिटांवर असलेलं काम ही किरकोळ गोष्ट नाही, ते गेलं की माणूस लोकलला लटकतो.

माझं म्हणणं पुढच्या परवान्यांबद्दल आहे. बंद पडलेल्या कंपनीच्या जागी शोरूम, मॉल, रुग्णालय मागितलं जाईल, तेव्हा त्या आदेशात तीन गोष्टी लिहा : शेजारच्या कारखान्यात काय साठवलं जातं, त्यापासून किती मीटर सोडले, आणि ते मीटर कोणाच्या भूखंडात आहेत. पट्टी मोजून नकाशावर हिरवी दाखवा आणि तिच्या देखभालीचं नाव-गाव खाली लिहा.

गेल्या डिसेंबरात आत्याकडे गेले होते. खिडक्यांना नव्या काचा आहेत. इमारतीमागे मी लहान असताना करंजाच्या दोन रांगा होत्या, त्यांतली चार झाडं उरली आहेत, आणि त्यांच्या सावलीत टँकर उभे असतात. आतेभावाला मी तिथेच कागदावर बांधाचा उभा छेद काढून दिला : तळाला नऊ मीटर, उंची अडीच. त्याने टेप आणली. भिंतीपासून रस्त्यापर्यंत अकरा मीटर भरले.