राजाश्रय आणि पेनड्राइव्ह

परवा दुपारी मी एका लॅपटॉपचा पंखा साफ करत बसलो होतो. तेवढ्यात भाचा दुकानात आला आणि मोबाइल थेट माझ्या नाकासमोर धरला. "मामा, बघा की. आपल्या डेपोची लालपरी."

बघतो तर खरंच. बस सिम्युलेटर इंडोनेशिया या गेममध्ये आपली एसटी. काचेमागं 'सांगली – स्वारगेट, विनाथांबा' अशी पाटी, मागच्या पत्र्यावर कुणीतरी हौसेनं एक पोचासुद्धा काढलेला. आणि ही गाडी निघालेली जकार्ताच्या बाजूला. तिकडंही आपल्यासारखंच डावीकडून चालवतात म्हणून निभावून जातंय.

गेम मालेओ नावाच्या इंडोनेशियन कंपनीचा, 2017 चा. गाडीला आपली लिव्हरी (म्हणजे बाहेरचं रंगरूप) लावायची आणि पुढं आपलं थ्रीडी मॉडेलच आत टाकायची सोय कंपनीनंच दिली. म्हणून तर केरळपासून महाराष्ट्रापर्यंतची पोरं त्यात आपापल्या बसगाड्या पळवतात. मी कौतुक केलं. त्यावर साहेब म्हणाले, "हे ऑफिशियल असतंय मामा. तुमच्या वेळंला तुम्ही चोरूनच करत होता की."

चोरून. हा शब्द दोन दिवस डोक्यातून जाईना, म्हणून ही पोस्ट. लांब झाली आहे, वेळ असेल तरच वाचा.

आमची 'चोरी' म्हणजे क्रिकेट 07. ईए स्पोर्ट्सनं 2006 च्या शेवटी काढलेला गेम. विश्रामबागेतल्या कॅफेत तासाला पंधरा रुपये देऊन एका कीबोर्डवर दोघं खेळायचो, आणि दोघांत एक जण कायम 'तुझा हात माझ्या बटणावर आला' म्हणून भांडायचा. भारताच्या संघाचं लायसन्स नव्हतं, त्यामुळं आपल्या खेळाडूंची नावं मोडूनतोडून दिलेली. पण कॅफेवाल्याच्या मशीनवर रोस्टरची, म्हणजे खेळाडूंच्या यादीची, फाइल कुणीतरी आधीच बदलून ठेवलेली होती. मला तर पुष्कळ दिवस वाटायचं, गेम असाच येतो.

त्यानंतर ईएनं पीसीवर क्रिकेट काढलंच नाही. सगळं तिथंच संपायला हवं होतं. पण 2008 ला आयपीएल सुरू झाली आणि 2006 च्या गेममध्ये आयपीएलच्या टीम खेळायला लागल्या. पुढं नवे खेळाडू आले, नवी मैदानं आली, बॅटवरचे स्टिकर बदलले. कंपनीनं यासाठी एकही अवजार दिलं नव्हतं. गेमच्या 'बिग' नावाच्या फाइली उघडायच्या कशा हे कुणीतरी घरी बसून शोधलं. आत एफएसएच नावाच्या फाइलींत जर्सीची, चेहऱ्यांची चित्रं असायची. ती बाहेर काढायची, फोटोशॉपमध्ये रंगवायची आणि तेवढ्याच मापाची परत आत बसवायची. माप चुकलं की माझा गेम मॅच लोड होतानाच बंद पडायचा. मग परत पहिल्यापासून. बॅकअप घ्यायची अक्कल मला तिसऱ्यांदा गेम इन्स्टॉल करताना आली.

मी त्यात आमच्या गल्लीच्या टेनिस बॉल टीमची जर्सी बनवली होती. हिरव्या बाह्या, छातीवर भडंगाची जाहिरात. लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध भडंगाची जाहिरात घालून खेळलेली दुसरी टीम असेल तर सांगा.

ऑगस्ट 2019 चा पूर सांगलीकरांना सांगायला नको. दुकान तळमजल्यावर. गिऱ्हाइकांची मशीनं आधी वर नेली, माझं जुनं मशीन राहिलं. पाणी ओसरल्यावर हार्ड डिस्क उघडली तर आत गाळ. दहा-बारा वर्षांची जर्सी, मैदानं, सगळं कृष्णेला वाहिलं.

पुढच्या वर्षी साताऱ्याकडचा एक पोरगा त्याचं मशीन फॉरमॅटला घेऊन आला. डेटा काढून घेताना क्रिकेट 07 चं फोल्डर दिसलं. आत माझी जर्सी! भडंगासकट. सोबत मी लिहिलेली टेक्स्ट फाइलसुद्धा, तिच्यातल्या शुद्धलेखनाच्या चुकांसकट. त्याला कराडच्या हॉस्टेलवर कुणाच्या तरी पेनड्राइव्हवरून मिळाली होती. मी त्याच्याकडून फॉरमॅटचे पैसे घेतले नाहीत. तो बिचारा अजूनही विचारात असेल.

आता त्याच्यासमोर दुसरी गोष्ट. एका मोबाइल गेममध्ये (नाव घेत नाही) त्यांच्याच एडिटरमध्ये मी एक आख्खा घाट बनवला होता. महिनाभर रात्री जागून. सगळं ऑफिशियल, सगळं त्यांच्या सर्व्हरवर. एका अपडेटनंतर तो एडिटरच काढून टाकला. घाट गेला. पूर नाही, गाळ नाही, एक नोटिफिकेशन. ते कुठल्या हॉस्टेलच्या पेनड्राइव्हवर सापडणार? फाइल माझ्याकडं कधी नव्हतीच.

आपल्या गावाला हा फरक नवा नाही. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी सीता स्वयंवर केलं ते आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयानं. राजा पाठीशी होता म्हणून सुरुवात झाली, हे कुणी नाकारणार नाही. पण 1851 ला आप्पासाहेब गेले आणि दरबारचा आधार तुटला. भाव्यांनी मंडळी बरोबर घेतली, गावोगाव फिरले, मुंबईत तिकीट लावून खेळ केले. 5 नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन करतो तो सुरुवातीचा. टिकली कशामुळं, तर त्या बैलगाडीच्या फिरस्तीमुळं, असं माझं मत. नाटकवाले मित्र भांडायला येतील, या.

गेमच्या राजांचंही, म्हणजे कंपन्यांचंही, तसंच आहे. काही राजे खरंच दिलदार. 1999 मध्ये दोन पोरांनी हाफ-लाइफ या गेमवर काउंटर-स्ट्राइक नावाचा मॉड (म्हणजे हौशी लोकांनी गेममध्ये केलेला बदल) केला, हाफ-लाइफवाल्या व्हॉल्व्ह कंपनीनं त्यांना जवळ केलं आणि पुढच्याच वर्षी तो स्वतंत्र गेम म्हणून विकायला आला. कॅफेत आपण जे खेळलो ते हेच. पण दुसरीकडं बघा. वॉरक्राफ्ट 3 या गेमबरोबर ब्लिझार्ड कंपनीनं नकाशे बनवायचं अवजार दिलं, त्यातून लोकांनी डोटा नावाचा खेळ उभा केला, आणि डोटा 2 काढून पैसा कमावला व्हॉल्व्हनं. ब्लिझार्डला ते इतकं झोंबलं असावं की 2020 ला वॉरक्राफ्ट 3 नव्यानं काढताना अट घातली : आमच्या गेममध्ये जे बनवाल ते सगळं आमच्या मालकीचं. म्हणजे शेत आमचं, बियाणं तुमचं, घाम तुमचा, आणि पीक आमचं. ऑफिशियल सपोर्टच्या गोड शब्दामागं अशी बारीक अक्षरं असतात. भाच्याला ती वाचून दाखवली, त्यानं जांभई दिली.

बिग अँट या ऑस्ट्रेलियन कंपनीनं 2014 च्या डॉन ब्रॅडमन क्रिकेटमध्ये वेगळीच युक्ती केली. लायसन्स नाही? हरकत नाही. खेळाडू बनवायची अकॅडमी दिली आणि लोकांनी बनवलेले खेळाडू गेममधूनच डाउनलोड करायची सोय केली. लोकांनी खऱ्या टीम हुबेहूब बनवल्या. जे कंपनीला कायद्यानं करता येत नव्हतं ते फुकटात झालं. हुशारी आहे, आणि मला ती आवडली. पण कंपनीनं जेवढी बटणं दिली तेवढंच बदलणार. क्रिकेट 07 मध्ये अशी हद्दच नव्हती. माझ्या एका मित्रानं माधवनगरात वाढलेल्या स्मृती मानधनाला ओपनिंगला आणलं होतं. शरीर पुरुषाचं, पण कव्हर ड्राइव्ह डावखुरा आणि जर्सी 18 नंबरची. बघवत नव्हतं, तरी आम्ही वीस ओव्हर खेळलो.

जीटीएवाल्यांची तऱ्हा आणखी न्यारी. जून 2017 मध्ये जीटीएच्या मालक कंपनीनं, टेक-टूनं, ओपनआयव्हीवर कायद्याचा बडगा उगारला. जीटीए 5 चे बहुतेक मॉड या टूलवर चालायचे. स्टीम या गेम विकणाऱ्या साइटवर नापसंतीच्या रिव्ह्यूंचा असा पाऊस पडला की काही दिवसांत माघार घ्यावी लागली. फाइव्हएमचं (जीटीए 5 आपापल्या सर्व्हरवर खेळायच्या मॉडचं) तर बघाच. 2015 ला ते बनवणाऱ्यांची खाती जीटीए बनवणाऱ्या रॉकस्टारनं बंद केली होती, आणि 2023 ला तीच टीम रॉकस्टारनं आपल्यात घेतली. काल चोर, आज जावई. भाच्या, ऐकतोयस ना?

बरं, राजाची नियत साफ असली तरी त्याच्या हत्तीच्या पायाखाली माणूस सापडतोच. फॉलआउट 4 या गेमवर काही हौशी लोकांनी आख्खं लंडन उभं केलं, वर्षानुवर्षं खपून. 23 एप्रिल 2024 ही तारीख ठरली. आणि फॉलआउटवाल्या बेथेस्डाचा मोठा अपडेट 25 एप्रिलला येणार असं जाहीर झालं, ज्यामुळं जुने मॉड मोडणार होते. मंडळींना थांबावं लागलं, शेवटी जुलैत काढलं, तेही गेमची जुनी आवृत्ती ठेवूनच.

पैशाचा मुद्दा राहिला. एप्रिल 2015 मध्ये स्टीमवर स्कायरिम या गेमचे मॉड विकायला ठेवले, त्यात बनवणाऱ्याला 25 टक्के. आठवडाही गेला नाही, लोकांच्या संतापापुढं ते मागे घेतलं. तेव्हा मीही संतापलो होतो. आता वाटतं, चूक पैसे मागण्यात नव्हती, 25 मध्ये होती. रात्र रात्र जागणाऱ्याला चार पैसे मिळाले तर माझ्या पोटात का दुखावं?

आणि आपल्या बाजूचं खरकटंही सांगितलं पाहिजे, नाहीतर भाचा म्हणेल मामा एकतर्फी बोलतो. महिन्याला दोन-तीन मशीनं दुकानात येतात ती निव्वळ 'मॉड'मुळं. पाच जाहिराती, तीन शॉर्ट लिंक, शेवटी एक झिप फाइल आणि आत ट्रोजन व्हायरस. "अँटिव्हायरस बंद करून इन्स्टॉल करा" असं व्हिडिओत कुणीतरी छान मराठीत सांगितलेलं असतं आणि पोरं ऐकतात. दुसऱ्याची जर्सी घ्यायची, कोपऱ्यातलं नाव पुसायचं, आपल्या चॅनलचा लोगो मारायचा, हे तर रोजचंच. भाच्याच्या त्या लालपरीवरही मूळ बनवणाऱ्याच्या नावावर दुसऱ्याचा स्टिकर आहे. झूम करून बघितलं मी. ऑफिशियल दुकानात निदान तक्रार करायला खिडकी असते. आमच्यात तक्रार म्हणजे ग्रुपवर शिव्या.

तरी मला विचाराल तर कंपन्यांनी अवजारं जरूर द्यावीत, अपडेटची वर्दी चार महिने आधी द्यावी, आणि मग बाजूला व्हावं. फाइल मात्र माझ्या डिस्कवर पाहिजे. अपलोडचं एकच बटण आणि डाउनलोडचं नाही, असल्या गेममध्ये मी परत घाट बांधणार नाही.

जाता जाता एक काम. त्या साताऱ्याच्या पोराकडून जर्सी परत मिळाली, पण रोस्टर मिळालं नाही. त्यात आमच्या अकरा जणांची नावं होती. दोघं आता दुबईत, एक जण राहिला नाही. 2009-10 च्या सुमारास विश्रामबागेतल्या कॅफेतून ज्यांनी क्रिकेट 07 कॉपी करून नेला असेल त्यांनी जुने पेनड्राइव्ह, सीडी जरा धुंडाळा. सापडलं तर दुकानात घेऊन या, चहा माझ्याकडं. आधी स्कॅन मारणार, राग मानू नका.