हापशाची वेळ, प्रभूची वेळ

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर पुन्हा तोच वाद पेटला. धर्मांतरबंदी कायदा हवा की नको? एकाने घटनेचं धर्मस्वातंत्र्याचं कलम 25 टाकलं. दुसऱ्याने 1977 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल टाकला: धर्माचा प्रचार करण्याचा हक्क आहे, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा नाही. मग कोणीतरी मला ओढलं. "तू तर मिशनरी. तिकडे किती जणांचा बाप्तिस्मा झाला?"

शून्य. सहा वर्षांत शून्य.

मी झांबियाच्या ईस्टर्न प्रॉव्हिन्समध्ये हापसे दुरुस्त करतो. इथे बाप्तिस्म्याविना राहिलेला माणूस शोधावा लागेल. 1991 मध्ये राष्ट्राध्यक्ष फ्रेडरिक चिलुबांनी हे ख्रिस्ती राष्ट्र असल्याचं जाहीर केलं, 1996 मध्ये ते घटनेच्या उद्देशिकेत आलं. मिनीबसच्या काचेवर बायबलचं वचन, सलूनच्या पाटीवर वचन. जालन्यात बायबल पिशवीत घालून उपासनेला जाणाऱ्या मला सुरुवातीला याची फार मौज वाटली. पण उद्देशिकेत देवाचं नाव आलं म्हणून बोअरला पाणी येत नाही, हे इथे रोज दिसतं.

इथले बरेच हापसे 'इंडिया मार्क टू' आहेत आणि त्यांचं मूळ थेट आमच्या जालन्यात निघतं. साठच्या दशकात खेड्यांतून बिडाचे पंप बसवले जात. एका शेतघराला पुरतील असे ते, अख्ख्या गावाने हापसल्यावर टिकणार किती? जालन्यातल्या स्कॉटिश मिशनच्या लोकांनी मजबूत हापसा जुळवला, सोलापुरात त्यात सुधारणा झाली आणि त्या धाग्यावर युनिसेफच्या पुढाकाराने सत्तरच्या दशकात इंडिया मार्क टू आला. 1972 च्या दुष्काळाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मला इथे पहिल्यांदा तो दांडा हातात धरला तेव्हा माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

पण गोष्ट सांगायची आहे ती माझ्या घाईची. इथल्या कातेते गावाच्या पलीकडच्या एका गावात हापसा बंद होता. ऑक्टोबर महिना, म्हणजे इथला सगळ्यात तापलेला. गावचे म्फुमू, म्हणजे पाटीलच म्हणा, मला 'बांबो' (बाबा) अशी हाक मारून म्हणाले, "सुगीनंतर करू. मे-जूनमध्ये लोकांच्या हातात मका असतो." वर पुस्ती जोडली, "न्थावी या मुलुंगू." देवाची वेळ. मला वाटलं, झालं, आळसाला देवाचं नाव. खरं कारण मात्र माझ्या खिशात होतं: डिसेंबरात मला घरच्या देणगीदारांना अहवाल पाठवायचा होता.

केलं काम आमच्याच पैशाने. तिपाई उभी केली, बारा पाइप वर ओढले. प्रत्येक पाइप तीन मीटरचा, आणि पान्याची पकड सुटली की सगळी लाइन खाली बोअरमध्ये. खालचे दोन गंजून चाळण झाले होते. नवे घातले, वॉशर बदलले, दुपारी पाणी आलं, फोटो काढला. ग्रुपवर सत्तावन्न 'आमेन' आले.

फेब्रुवारीत हापसा पुन्हा बंद. साखळीचा एक बोल्ट सैल होऊन पडला होता, एवढंच. गावात पाना नव्हता आणि आवळायचं कोणाच्या मनातही आलं नव्हतं. हापसा बाहेरच्या माणसाचा, तो येऊन बघेल. जूनमध्ये म्फुमूंनी घरटी डबाभर मका गोळा केला, तो विकून पाना, ग्रीस आणि वॉशरचा जोड घेतला. पाना एका विधवा बाईकडे ठेवला, कारण ती कोणाला उसना देत नाही! ती दर शनिवारी बोल्ट आवळते. मला त्या गावात पुन्हा जावं लागलं ते जेवायलाच.

म्हणजे थांबणं नेहमीच बरोबर? तेही नाही. 2023-24 चा पाऊस दगा देऊन गेला. फेब्रुवारी 2024 च्या अखेरीस सरकारने राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली, सुमारे 10 लाख हेक्टर मका जळाला. त्या वर्षी सुगी आलीच नाही. म्फुमू एकदाही 'देवाची वेळ' म्हणाले नाहीत आणि मलाही उभ्या वाळलेल्या मक्यात बसलेल्या बाईपुढे तो शब्द उच्चारवला नाही. तेव्हा वर्गणी, समिती सगळं बाजूला ठेवून मिळेल त्या पैशाने मिळेल तो हापसा चालू केला. कधी थांबायचं आणि कधी धावायचं हे माझ्या वहीतून कळत नाही. ज्याच्या दारात पाणी नाही त्याला विचारावं लागतं.

ग्रुपवरच्या वादात मला सलते ती मोजणी, आणि ती दोन्हीकडे आहे. एकजण भीतीने डोकी मोजतो, आपले लोक अभिमानाने "इतके आत्मे" मोजतात. इंग्लंडचे मिशनरी विल्यम केरी 1793 मध्ये बंगालला पोहोचले, पहिला बाप्तिस्मा 1800 च्या डिसेंबरात. मधली सात वर्षं आजच्या अहवालाच्या तक्त्यात भरली तर तिसऱ्याच वर्षी पैसा बंद झाला असता, आणि मग 1805 मध्ये त्यांनी छापलेलं मराठीचं व्याकरणही राहूनच गेलं असतं.

फसवून, धाक दाखवून कोणाचा धर्म बदलू नये हे मला कायद्याने शिकवायला नको. माझी अडचण अशा कायद्यांतल्या 'आमिष' या शब्दाशी आहे. दुष्काळात बोअर घेणं हे आमिष की शेजारधर्म? हापशाला रांगेतल्या बाईची जात-धर्म कळत नाही. पण आमच्यातलेच काही जण पाण्याच्या फोटोखाली आत्म्यांचा आकडा लिहितात, तेव्हा संशय घेणाऱ्याला मी कोणत्या तोंडाने उत्तर देऊ?

ग्रुपवर मी एवढंच लिहिलं: "बाप्तिस्मे शून्य. पाना शनिवारी फिरतो." पाळकसाहेबांनी विचारलं, हे कोणतं वचन?