कुठल्या देशाची घरघर?

मित्राचा निरोप महिन्या-दीड महिन्याने येतो आणि त्याचं शेवटचं वाक्य ठरलेलं असतं: "येताना ते मशीन आणशील का रे?"

ते मशीन म्हणजे एलए-२ए. १९६०च्या दशकातला, व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा कॉम्प्रेसर, म्हणजे गाण्यातला जोरकस आवाज आपोआप दाबणारं यंत्र. घरच्या घरी रेकॉर्डिंग करणारी आमची एक टोळी आहे. परदेशात येईपर्यंत मीही तिच्यात रोजचा होतो. तिथे कित्येक वर्षं एकच भांडण चालू आहे. अर्धे म्हणतात, प्लगइन (मशीनचं काम लॅपटॉपवर करणारं सॉफ्टवेअर) म्हणजे मशीनचा नुसता फोटो, आवाजाला अंग येतं ते खऱ्या लोखंडातून. उरलेले म्हणतात, हे सगळे डोळ्यांचे चोचले, डोळे मिटून ओळखून दाखवा. एका गोष्टीवर मात्र दोन्ही पक्षांचं एकमत आहे: मी परदेशात आहे, म्हणजे माझ्याकडे खरं मशीन असणारच.

होतं. आठ महिने होतं.

इकडे जुनी मशीन्स मिळतात हे खरं. मीही एक वापरलेलं घेतलं आणि पहिल्या रात्री, कोणी पाहत नाही ना याची खात्री करून, त्याला नमस्कारही केला. पुढे दोनच बटणं: गेन (आवाज चढवायला) आणि पीक रिडक्शन (दाबायला). सगळी करामत आत, टी-४ नावाच्या एका बंद डबीत. डबीत प्रकाशणारी एक पट्टी आणि तिच्यासमोर फोटोरेझिस्टर. गाणारा जोरात गायला की पट्टी उजळते, फोटोरेझिस्टरचा रोध घसरतो आणि आवाज दबतो. गाणारा थांबला की पट्टी विझते, पण फोटोरेझिस्टर लगेच भानावर येत नाही. निम्मा दाब साधारण ६० मिलिसेकंदांत सुटतो, उरलेला रेंगाळत, कधी कधी कित्येक सेकंद घेऊन. जितका जास्त वेळ दाबलं असेल, तितका सुटायलाही जास्त वेळ. लोक ज्याला 'गाण्याबरोबर श्वास घेणारा कॉम्प्रेसर' म्हणतात ते हेच. एका सुस्त पदार्थाची सुस्ती.

प्लगइनवाल्यांनी हीच सुस्ती मोजून गणितात बसवली आहे. पण कुणाची सुस्ती? त्यांच्या टेबलावर जे मशीन होतं, त्याची. माझं वेगळं होतं. त्याची पट्टी वयोमानाने मंदावली होती. नेहमीइतका दाब मिळवायला बटण जवळजवळ शेवटापर्यंत फिरवावं लागायचं, आणि सुटायला ते आणखी वेळ लावायचं. मी एकच कोरा टेक मशीन आणि प्लगइन दोन्हींतून काढला. पातळी ०.१ डेसिबलपर्यंत जुळवली, कारण जरा मोठं वाजतं तेच कानाला चांगलं वाटतं आणि निम्मी भांडणं तिथेच फसतात. फरक ऐकू आला, अगदी स्पष्ट. ओळीच्या शेवटी लांबवलेला 'आ' संपायचा, आणि पुढच्या ओळीचं पहिलं अक्षर मशीनमधून आलं की अजून दबलेलंच असायचं. 'भ' असेल तर फक्त फुंकर उरायची. प्लगइनमध्ये ते अक्षर शाबूत होतं. टोळीला ऐकवलं असतं तर म्हणाले असते, "हेच तर कॅरॅक्टर!" मला तो आजार वाटला.

त्यानंतरचे महिने उपचारांत गेले. दुरुस्ती करणाऱ्याने कपॅसिटर बदलले, ट्यूब बदलल्या, डबीचं बघू म्हणाला. प्रत्येक टेक इंटरफेसमधून (आवाज लॅपटॉपच्या आत-बाहेर नेणाऱ्या डबीतून) बाहेर काढायचा, मशीनमधून फिरवून परत आत घ्यायचा, तोही गाणं वाजतं तेवढाच वेळ घेऊन. बटणं कुठे होती याचा फोनवर फोटो. मशीन एक, म्हणजे एका वेळी एकच ट्रॅक. त्यात भाड्याचं घर बदलायची वेळ आली. इकडे आल्यापासून ते तिसरं घर. खोकी भरताना लक्षात आलं की पुस्तकं, भांडी, मायक्रोफोन हे सगळं मी उचलणार होतो, आणि हे एकच असं होतं की जे मलाच कुठे हलू देत नव्हतं. विकून टाकलं. (टोळीला अजून सांगितलेलं नाही.)

आता लॅपटॉपवर काम करतो. तिथे गंमत अशी की चित्रातसुद्धा भक्तिभाव सुटत नाही. बिल पुटनम यांच्या १९६७च्या ११७६ या दुसऱ्या कॉम्प्रेसरमध्ये अटॅकचं (दाब किती झटकन लागावा याचं) बटण उलटं चालतं, उजवीकडे पूर्ण फिरवलं की सर्वांत वेगवान, २० मायक्रोसेकंद. प्लगइननेही ते इमानेइतबारे उलटंच ठेवलंय. त्यावर कडी म्हणजे वेव्हज कंपनीच्या सीएलए-७६ या ११७६च्याच प्लगइनमधला एक छोटा स्विच: ५० हर्ट्झ, ६० हर्ट्झ, बंद. मूळ मशीनमध्ये विजेची जी बारीक घरघर मिसळते, ती कुठल्या देशातल्या विजेची हवी, असं तो विचारतो. आपल्याकडे ५०, इकडे ६०. पहिल्यांदा तो स्विच दिसला तेव्हा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिलो. ज्या जुन्या मशीनपायी माझे आठ महिने गेले, तसल्याची घरघरसुद्धा इथे निवडून घ्यायची सोय होती. मी बंद केला.

हार्डवेअरवाल्यांचा एक मुद्दा मात्र खरा आहे आणि प्लगइनवाले तो टाळतात. गाताना हेडफोनमध्ये कॉम्प्रेस झालेला आवाज जराही उशीर न होता ऐकू आला, तर माणूस वेगळा गातो. हळू गायलेलंही जवळून ऐकू येतं, म्हणून हळू गायचं धाडस होतं. प्लगइनमधून तोच आवाज ऐकवायचा तर ४८ किलोहर्ट्झवर २५६ सँपलच्या बफरला (लॅपटॉप एका वेळी उचलतो त्या आवाजाच्या तुकड्याला) नुसतं आत यायलाच ५.३ मिलिसेकंद लागतात, बाहेर पडायला तेवढेच. काहींना ते जाणवतं, मला जाणवतं. शिवाय मशीनमधून रेकॉर्ड केलं की केलं, नंतर माघार नाही. हा धाक मला आवडायचा. तेवढ्यासाठी मी आजही साधा नवा कॉम्प्रेसर जोडून हलकासा, दोन-तीन डेसिबलचा दाब टाकूनच गातो. तो जुना नाही, त्याला कोणी नमस्कार करणार नाही.

गेल्या आठवड्यात मित्राने टेक पाठवला. "बघ, प्लगइनमुळे कसा पातळ वाटतोय. खरं मशीन हवं." फाइल उघडली. त्याने १२ डेसिबल दाबून १२ डेसिबल परत चढवले होते. म्हणजे तो गात असताना सगळं ठीक, आणि ओळ संपून दाब सुटला की खोलीतली प्रत्येक गोष्ट १२ डेसिबलने मोठी. ओळ संपली की पंखा. पुढची ओळ, पुन्हा पंखा. मधेच खुर्ची. पातळपणा होता तो खोलीचा, भिंतींवरून परत येऊन माइकमध्ये शिरलेला. एलए-२एमध्ये यातलं काही कमी झालं नसतं. पंखा फक्त सावकाश, अदबीने वर आला असता. अगदी फेअरचाइल्ड ६७० हा जुना कॉम्प्रेसर आणला असता, २० ट्यूबचा आणि जवळपास ३० किलोंचा, तरी त्यानेही पंखाच उचलला असता. (आणि विमानात एका बॅगेला साधारण २३ किलोंचीच मुभा असते.)

इतक्या लांबून पंखा ओळखणं मला जड गेलं नाही. इकडे माझ्या खोलीत हीटिंगची झडप आहे, टेकच्या आधी तिच्यावर उशी ठेवावी लागते. मशीन होतं तेव्हाही ठेवायचो.

त्याला लिहिलं: पंखा बंद कर, माइक वीतभर अंतरावर घे, पाठीमागे जाड रजई टांग, दाब निम्मा कर आणि पुन्हा गा.

दोन दिवसांनी उत्तर आलं. नवा टेक खरंच चांगला होता. खाली लिहिलं होतं, "घामाघूम झालो. मशीनचं काय झालं?"