भाऊ, हे पाखरू पागल झालं काय?

मागच्या आठवड्यात सकाळी साडेसहाला फोन. आमच्याच गल्लीतला पोरगा, दूध वाटून आलेला. "भाऊ, एक काळं पाखरू माया गाडीच्या आरशाले घंटाभरापासून टोचून राहिलं. पागल झालं काय?"

गेलो. गोठ्याजवळ गाडी उभी आणि हँडलवर चिरक नावाचं पाखरू. नर. काळाभोर, खांद्याशी पांढरा पट्टा, शेपटी पाठीवर ताठ उभी आणि तिच्याखाली विटकरी रंग. आरशावर झेप घ्यायचा, चोच आपटायचा, दम खायचा आणि मग आरशाच्या मागं जाऊन बघायचा, गडी पळाला कुठं ते. शिटेनं आरसा पांढरा झालेला. पोराला सांगितलं, पागल नाही रे, विणीचा हंगाम आहे. ही सांदवाडी त्याची. जवळपास कुठंतरी घरटं असणार. आणि इथं आरशात दुसरा नर उभा आहे, याच्याइतकाच तगडा, आणि मागं हटायला तयार नाही.

पोरगा म्हणाला, "म्हणजे धुऱ्याचं भांडण!" धुरा म्हणजे शेताचा बांध.

इतक्या वर्षांत मला हे इतकं सोपं सांगता आलं नव्हतं. आरशाला जुना मोजा घातला, भांडण मिटलं. खऱ्या धुऱ्याच्या भांडणाला असा मोजा कुठं मिळतो?

मला राग येतो तो अशा प्रश्नांना हसणाऱ्यांचा. गळ्यात मोठा कॅमेरा, तोंडात इंग्रजी नाव. नाव सांगितलं की यांचं काम संपलं. अरे, पोरानं नाव विचारलंच नव्हतं. त्यानं विचारलं, हे असं काहून करते? खरा प्रश्न तोच आहे.

आमच्याकडं शेतात निंदायला येणाऱ्या एका मावशीनं मला सातभाई पाखरांबद्दल विचारलं, "सातभाई म्हणता, मंग मी मोजले तं नऊ भरले. दोन पाहुणे आले काय?" हसलो, पण मावशीनं बसून मोजले होते, हे विसरू नका. सात हा आकडा नुसता म्हणण्यापुरता. तो थवा म्हणजे एकत्र कुटुंब. मायबाप आणि आधीच्या विणीतली पोरं, सगळे मिळून नव्या पिल्लांना चारतात. आणि भोळे इतके की पावशा यांच्या घरट्यात अंडं घालून मोकळा होतो, तेही पोर हेच पोसतात. जगाला 'पेरते व्हा' सांगत फिरणाऱ्यानं स्वतःचं पीक मात्र दुसऱ्याच्या वावरात पेरलेलं. मावशीला हे भलतंच आवडलं. मग तिनंच मला सांगितलं, "तुरीत हे एका जागी लय कलकल करू लागले की आम्ही तिकडं पाय ठेवत नाई. तिथं जनावर असते." जनावर म्हणजे साप. अगदी बरोबर आहे. साप दिसला की सातभाई जमून गिल्ला करतात. आता यात नवशिका कोण, मावशी की मी?

शिंपी पाखराबद्दल एकानं विचारलं होतं, घरट्यासाठी पान शिवताना गाठ कशी मारतो? मारतच नाही. आणि तो नव्हे, ती. पान शिवायचं काम मादीचं. चोचीनं पानाच्या कडेला भोक पाडते, त्यातून कापसाचा तंतू ओढते, बाहेर आलेलं टोक फुलतं आणि तिथंच अडकून बसतं. आमच्या वांग्याच्या पानावरचं शिवण मी डोळा लावून पाहिलंय, आमच्या बाजारातल्या टेलरपेक्षा टाके जवळजवळ होते. कापूस कुठला? भाव वाढेल म्हणून घरात भरून ठेवलेला. भाव वाढला नाही, पण एक गिऱ्हाईक तरी लागलं.

मे महिन्यातला ठरलेला प्रश्न: कावळा तोंड वासून काहून बसला, शाप देते काय? देत नाही बाप्पा. पक्ष्यांना घाम येत नाही, म्हणून कुत्र्यासारखं धापून अंग थंड करतात. पारा ४५ वर गेल्यावर आपणही तेच करतो. सावलीत मातीच्या पसरट भांड्यात पाणी ठेवा आणि रोज बदला.

पिल्लू खाली पडलं तर उचलून घरट्यात ठेवा. हात लावला की माय घेत नाही, ही आजीची गोष्ट खरी नाही. पंख फुटून टुणटुण उड्या मारत असेल तर ते पडलेलं नाही, उडायला शिकतंय. फक्त मांजर आवरा. चोचीत पाणी ओतू नका, दूध तर नाहीच.

मुंबईत शंभरेक वर्षांमागं एका मुलानं एअरगननं चिमणी पाडली. गळ्यावर पिवळा डाग दिसला, म्हणून हे काय आहे विचारायला तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तिथले सचिव मिलार्ड त्याला हसले नाहीत, पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खणच्या खण उघडून दाखवत बसले. तो मुलगा म्हणजे पुढं नावाजलेले पक्षीतज्ज्ञ सालीम अली.

तेव्हा खुशाल विचारा. फोटो अंधुक असला तरी चालेल, फक्त पाखरू काय करत होतं ते लिहा. आणि पहाटे चारला ओरडणाऱ्या कोकिळेची तक्रार माझ्याकडं नको. 'ती' म्हणून शिव्या घालता तो नर आहे, त्याची बायको कावळ्याच्या घरट्याभोवती कामात आहे, आणि मलाही त्यानंच उठवलंय.