अल्टुवेला २०२९ पर्यंत ठेवलं ते बरोबरच केलं

ह्यूस्टनच्या आमच्या मराठी मंडळींत बेसबॉल बघणारे बरेच आहेत आणि सध्या त्यांच्यात एकच वाद रंगतो. इथल्या अॅस्ट्रोज संघाने आपला सेकंड बेसमन (दुसऱ्या बेसजवळचा क्षेत्ररक्षक) होसे अल्टुवेचा करार वाढवायला नको होता म्हणे! २०२५ मध्ये संघ २०१६ नंतर पहिल्यांदाच प्लेऑफला (मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांना) मुकला आणि खापर या कराराच्या डोक्यावर फुटलं. मला हे अजिबात पटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी करार काय आहे ते बघू. फेब्रुवारी २०२४ मध्ये सही झाली. २०२५ ते २०२९ अशी ५ वर्षं, एकूण १२.५ कोटी डॉलर. सही करताना अल्टुवे ३३ वर्षांचा होता, करार संपेल तेव्हा ३९ पूर्ण झालेली असतील. बेसबॉलमध्ये असे पैसे पूर्ण हमीचे असतात. खेळाडू उद्या दुखापतीने घरी बसला तरी संघाला शेवटच्या डॉलरपर्यंत द्यावे लागतात. त्यामुळे विरोध करणाऱ्यांची भीती उगाच नाही, हे मान्य.

अशा लांब करारांचा इतिहास तर ही भीती वाढवणाराच आहे. बॉस्टनने २०१३ मध्ये सेकंड बेसमन डस्टिन पेड्रोयाला ८ वर्षांसाठी ११ कोटी डॉलरचा करार दिला. तोही बुटका, जिद्दी, संघासाठी जीव टाकणारा. २०१७ मध्ये बेसकडे घसरत येणारा मॅनी मचाडो त्याच्या गुडघ्यावर आदळला आणि २०१८-१९ या दोन मोसमांत मिळून तो ९ सामने खेळू शकला. डेट्रॉइटने २०१४ मध्ये मिगेल कॅब्रेराचा आधीचा करार संपायला दोन वर्षं असतानाच त्यावर आणखी ८ वर्षं आणि २४.८ कोटी चढवले. कॅब्रेरा हा मी पाहिलेल्या सर्वांत देखण्या फलंदाजांपैकी एक. पण २०१७ ते २०२३ या काळात एकाही वर्षी त्याचे होमर (चेंडू थेट मैदानाबाहेर मारलेले फटके) १६ च्या वर गेले नाहीत.

मग अल्टुवेचं वेगळं काय?

वेगळी आहे ती कराराची घडण, आणि तिच्याबद्दल कुणीच बोलत नाही. १.५ कोटी सहीचा बोनस, पहिली तीन वर्षं ३-३ कोटी आणि शेवटची दोन वर्षं फक्त १-१ कोटी. म्हणजे ३७-३८ व्या वर्षी त्याचे पाय थकले, तर संघाच्या गळ्यात असतील वर्षाला १ कोटी. आजच्या बाजारात ही रक्कम साध्या राखीव खेळाडूला देऊनही संघ मोकळे होतात. शिवाय लक्झरी टॅक्सचा (पगारखर्च ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की संघाने लीगला भरायचा कर) हिशेब प्रत्यक्ष पगारावर होत नाही, कराराच्या वार्षिक सरासरीवर होतो. तीनच वर्षांचे १०.५ कोटी दिले असते, तर दर वर्षी ३.५ कोटी धरले गेले असते. पाच वर्षांवर पसरल्यामुळे ते २.५ कोटी धरले जातात. शेवटच्या दोन वर्षांत जे २ कोटी जास्त जातात, त्यांच्या बदल्यात पहिल्या तीन वर्षांत टॅक्सच्या हिशेबात दर वर्षी १ कोटीची मोकळीक मिळते. हा निर्णय भावनेच्या भरात घेतला असं कुणी म्हणालं, की मला त्याच्यासमोर कागद घेऊन बसावंसं वाटतं.

पण भावनेचा भागही मी टाळणार नाही, कारण तो खरा आहे. या मुलाला व्हेनेझुएलात, माराकायच्या निवड शिबिरात, उंची बघून परत पाठवलं होतं. तो दुसऱ्या दिवशी जन्माचा दाखला घेऊन पुन्हा हजर झाला. २००७ मध्ये १५ हजार डॉलरवर त्याला घेतलं. २०११ च्या जुलैमध्ये तो मुख्य संघात आला तेव्हा अॅस्ट्रोज सगळ्या लीगमधला सर्वांत वाईट संघ होता. त्या वर्षी १०६ सामने हरले, पुढच्या वर्षी १०७, त्याच्या पुढच्या वर्षी १११. रिकामी स्टँड आणि तळमळत धावणारा ५ फूट ६ इंचांचा सेकंड बेसमन, एवढंच तेव्हा बघण्यासारखं होतं. २०१३ मध्ये त्याने पुढच्या ४ वर्षांसाठी १.२५ कोटींवर सही केली आणि त्याच ४ वर्षांत तीन वेळा अमेरिकन लीगचा बॅटिंग किताब (सर्वांत जास्त फलंदाजी सरासरीचा) जिंकला, २०१७ चा एमव्हीपी (सर्वांत मौल्यवान खेळाडू) झाला. ४ वर्षांचे मिळून जेवढे तेव्हा मिळाले, त्याच्या दुप्पट आज एका वर्षाला सरासरीने पडतात. तरुणपणी कमी आणि उतारवयात जास्त, अशीच या खेळाची पगाराची रचना आहे. पहिली सहा वर्षं खेळाडूला बाजारात जायची मुभाच नसते. त्या स्वस्त वर्षांचा फायदा उपटायचा आणि वय झालं की हिशेबाची वही काढायची, याला मी व्यवहार म्हणणार नाही. २०१८ च्या करारात १५.१ कोटी देऊन संघाने बरीच भरपाई केली, हेही खरं. म्हणूनच माझा सगळा भर कृतज्ञतेवर नाही.

२०१७ च्या सिग्नलचोरीचं (संघाने कॅमेऱ्याने विरोधकांच्या खुणा चोरल्या त्याचं) काय, असंही विचारतात. तो डाग खरा आहे. ५० लाख डॉलरचा दंड झाला, ड्राफ्टमधले (नवे खेळाडू निवडण्याचे) हक्क गेले, जनरल मॅनेजर आणि मॅनेजर दोघांची नोकरी गेली. बाहेरच्या मैदानांवर अल्टुवेची अजूनही हुर्यो होते. पण त्यानंतर २०२२ चं विजेतेपद आलं, २०२३ मध्ये टेक्सास रेंजर्सविरुद्ध नवव्या इनिंगमधला तो तीन धावांचा होमर आला. प्लेऑफमध्ये त्याचे २७ होमर आहेत. त्याच्या पुढे फक्त मॅनी रामिरेझ, २९ वर.

माझी खरी काळजी पैशांची नाही, जागेची आहे. २०२३ पासून शिफ्टवर, म्हणजे फलंदाज बघून क्षेत्ररक्षक एका बाजूला सरकवण्यावर, बंधनं आली. सेकंड बेसच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इनफिल्डर (मैदानाच्या आतल्या भागातले क्षेत्ररक्षक) आणि सगळ्यांचे पाय इनफिल्डच्या हद्दीत. पूर्वी शिफ्टमुळे झाकली जाणारी मंद पावलं आता उघडी पडतात आणि अल्टुवेची पडली. २०२५ मध्ये त्याला लेफ्ट फील्डला (मैदानाच्या बाहेरच्या भागात, डावीकडे) नेलं, त्यावर इथे केवढा गहजब! अहो, आपल्याच संघाच्या क्रेग बिजिओने कॅचर म्हणून सुरुवात केली, सेकंड बेसवर नाव कमावलं आणि ३७ व्या वर्षी सेंटर फील्डला गेला. आपल्या मैदानातलं लेफ्ट फील्ड तर क्रॉफर्ड बॉक्सेस या प्रेक्षकांच्या स्टँडमुळे इतकं आखूड आहे, की म्हाताऱ्या पायांना त्याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही. त्या मोसमात त्याची फलंदाजीची सरासरी .२६५ वर घसरली, पण २६ होमर मारले. संपलेल्या खेळाडूचे हे आकडे नव्हेत.

मात्र बिजिओच्या शेवटाकडूनही शिकायला हवं. २००७ मध्ये त्याच्या कारकिर्दीतल्या ३००० हिट्स (बेस गाठून देणारे फटके) पूर्ण व्हाव्यात म्हणून सगळा मोसम त्या आकड्याभोवती फिरला. शहराला तो सोहळा हवा होता, मलाही हवा होता, पण संघ त्या वर्षी ८९ सामने हरला. २०२८ मध्ये अल्टुवेच्या बाबतीत तसं होऊ नये. त्याला खाली, सहाव्या-सातव्या नंबरवर खेळायला सांगायची, आठवड्यातून दोन दिवस बसवायची हिंमत मॅनेजरला दाखवावी लागेल. हे बोलणं आत्ताच, त्याच्या समोर बसून व्हायला हवं.

आणि राग काढायचाच असेल, तर जे खेळाडू संघ सोडून गेले त्यांच्यावरून काढा. स्प्रिंगर टोरोंटोला गेला, ब्रेगमन बॉस्टनला, काइल टकरला तर करार संपायच्या वर्षभर आधीच शिकागोला देऊन टाकलं. पुढचा नंबर जेरेमी पेन्याचा आहे, २०२७ नंतर तो मोकळा होतो. २०२२ च्या वर्ल्ड सिरीजचा (अंतिम मालिकेचा) एमव्हीपी, ऐन भरातला शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक). मालकांना पत्र लिहायचं असेल तर त्याच्यासाठी लिहा. मसुदा मी करून देतो, सह्या तुम्ही करा.