लिंकन आयुष्यभर हरत आले, हे खरं नाही

दहावी-बारावीचे निकाल लागले की लिंकनवरचा तो मेसेज हमखास फिरतो: १८३१ धंद्यात अपयश, १८३२ निवडणुकीत पराभव, १८३६ मानसिक आजार, १८४८, १८५५, १८५६, १८५८ पुन्हा पराभव, आणि १८६० साली थेट राष्ट्राध्यक्ष. खचलेल्या मुलांना धीर द्यायलाच हवा, पण त्यासाठी खोटं चरित्र कशाला?

१८३१ साली लिंकन दुसऱ्याच्या दुकानात नोकरीला होते. स्वतःचं दुकान नंतरचं, विल्यम बेरीबरोबर भागीदारीत. ते बुडालं खरं. बेरी वारल्यावर त्याच्या वाट्याचंही कर्ज लिंकननी वर्षानुवर्षं फेडलं, हे मात्र मेसेजात नाही.

१८३२चा पराभव खरा. वय २३, गावात येऊन जेमतेम वर्ष झालेलं. तरी न्यू सेलममधल्या ३०० पैकी २७७ मतं त्यांना पडली. आणि पुढे? १८३४, १८३६, १८३८, १८४० असे सलग चार वेळा ते इलिनॉयचे आमदार झाले! १८३७मध्ये विधिमंडळाने गुलामगिरीविरोधी चळवळीचा निषेध करणारा ठराव ७७ विरुद्ध ६ मतांनी संमत केला. त्या सहांत २७ वर्षांचे लिंकन होते. नंतर डॅन स्टोन या सहकाऱ्यासह त्यांनी लेखी नोंदवलं की गुलामगिरी अन्यायावर उभी आहे. त्या राज्यात तेव्हा हे लिहायला छाती लागत होती. ही आठ वर्षं गाळून कुणाचं चरित्र सांगतो आपण?

१८३६ साली ते पुन्हा निवडून आले आणि वकिलीची सनदही मिळाली. खोल नैराश्याचा काळ १८४१च्या जानेवारीतला.

१८४८ साली ते हरले नाहीत, उभेच राहिले नाहीत. त्यांच्या तेव्हाच्या व्हिग पक्षात काँग्रेसमधली, म्हणजे अमेरिकी संसदेतली, ती जागा आळीपाळीने द्यायचं ठरलेलं होतं. १८५६मध्ये उपाध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनात त्यांचं नाव इतरांनी पुढे केलं, ते स्वतः तिथे हजरही नव्हते. १८५५मध्ये सिनेटच्या निवडणुकीत (तेव्हा त्यात राज्याचे आमदार मत देत) पहिल्या फेरीत ४४ मतं घेऊन तेच आघाडीवर होते. गुलामगिरीच्या प्रसाराला विरोध करणारा माणूस निवडून यावा म्हणून त्यांनी आपली मतं दुसरे उमेदवार लायमन ट्रंबुल यांच्याकडे वळवली. याला अपयश म्हणवत नाही.

वकिली तर मेसेजात औषधालाही नाही. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातच त्यांनी ३०० हून जास्त प्रकरणं चालवली. इलिनॉय सेंट्रल रेल्वेला खटला जिंकून दिला आणि कंपनी फी देईना, तेव्हा तिच्यावरच दावा लावून १८५७मध्ये ५००० डॉलरची फी पदरात पाडून घेतली.