पगार नको म्हणू नका

दहावीच्या सुट्टीत मुलाला काम हवं असेल तर पालकांनीच दुकानदाराशी बोलून घ्यावं, हा एका लेखात वाचलेला सल्ला काही पटला नाही. नाशिकमध्ये रविवार कारंजाजवळ माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. दर मे महिन्यात एखादी आई येते, "दादा, याला काहीतरी काम द्या, पगार नाही दिला तरी चालेल." मुलगा मागे मोबाईलमध्ये. अहो, फुकट मिळालेल्या पोराला कोण काय शिकवणार? दिवसभर झाडू आणि चहा! थोडे का होईना, पैसे आधी ठरवा.

आणि पोराला एकट्यालाच पाठवा. गेल्या वर्षी एक मुलगी आली, काउंटरवर गर्दी होती तर बाजूला थांबली, मग म्हणाली, "काका, सकाळी दहा ते दोन जमेल, हिशोब पक्का आहे." तिथेच ठरलं. इयत्तेप्रमाणे पुस्तकांचे सेट बांधायला तिनेच दुसऱ्या पोरांना शिकवलं.

कायदाही बघा. चौदाच्या आत नोकरीवर ठेवता येत नाही. 14 ते 18 वयात धोक्याचं काम नाही, विश्रांती धरून सहा तासांच्या वर नाही आणि संध्याकाळी सातनंतर तर नाहीच. रात्री दहाला शटर ओढायला पोरगं थांबवणारा मालक असेल तर सरळ काढून घ्या. विनालायसन गाडीवर पार्सल पोचवायची कामं तर विचारूसुद्धा नका.

आमची खरी धावपळ शाळा उघडायच्या आधी, जूनमध्ये. पण माणसं एप्रिलमध्येच ठरतात, तेव्हा पेपर संपले की लगेच विचारायला या.